केटामाइनच्या चाचणीत मुलाचं नाव घालण्याआधी

नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचा असर दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. मुलाच्या डोक्यात मरणाचे विचार घोळत असताना घरच्यांनी हे आठवडे काढायचे कसे? त्यात पंचविशीच्या आतल्या काही जणांमध्ये, गोळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत असे विचार वाढूही शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ साली मुलं आणि किशोरांसाठी, आणि २००७ साली २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी, तसा ठळक इशारा या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर छापायला लावला. म्हणून गोळी टाळायची असं नाही, पण मधल्या काळात उपयोगी पडेल असं काहीतरी हवं, ही गरज खरी आहे. काही तासांत काम करणाऱ्या औषधांच्या चाचण्या त्यासाठीच चालतात, आणि त्यांत सर्वांत पुढे आहे केटामाइन.

हे लेखन इंदूरमधल्या अशा मराठी घरांसाठी आहे जिथे डॉक्टर म्हणालेत, "एक चाचणी आहे, विचार करून सांगा", किंवा जिथे कुणी मोबाइलवर वाचून स्वतःच चाचणी शोधू लागलंय. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांतल्या १,३४० मध्य प्रदेशात. महाराष्ट्र आणि तमिळनाडूनंतर त्या वर्षी आपला नंबर तिसरा होता. भंवरकुआंच्या कोचिंग-होस्टेलांच्या गल्ल्यांतून फिरलात तर हा विषय कुणापासून किती लांब आहे ते कळतं.

पुढचं वाचण्याआधी एक. मूल आत्ता धोक्यात असेल, म्हणजे कसं आणि कधी हे त्याच्या मनात ठरलेलं असेल किंवा त्याने नुकताच प्रयत्न केला असेल, तर चाचणीचा विषय बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका. १०८ किंवा ११२ वर फोन करा, नाहीतर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत न्या. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. चाचणीत नाव घालणं हा शांतपणे, दोन-तीनदा विचार करून घ्यायचा निर्णय आहे. मध्यरात्री घाबरून घ्यायचा नव्हे.

औषधाकडून अपेक्षा किती ठेवायची

केटामाइन हे भूल देण्याचं जुनं औषध. १९७० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि आजही लहान-मोठ्या शस्त्रक्रियांत ते रोज वापरलं जातं. भारतातही त्याला मान्यता आहे ती भुलेसाठी. भुलेच्या मानाने बऱ्याच कमी मात्रेत दिलं तर नैराश्य काही तासांत उतरतं, हे २०००च्या सुमारास छोट्या चाचण्यांतून दिसू लागलं. तेव्हापासून सर्वाधिक वापरली गेलेली मात्रा एकच आहे: वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, शिरेतून, ४० मिनिटांत.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या चाचणीत आत्महत्येचे विचार असलेले ८० प्रौढ रुग्ण होते. २४ तासांनी केटामाइन घेतलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांचे विचार निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले. तुलनेचं औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होतं. फ्रान्समध्ये १५६ प्रौढांना २४ तासांच्या अंतराने दोनदा औषध दिलं. तिसऱ्या दिवशी विचार पूर्ण गेलेले केटामाइनच्या गटात ६३ टक्के, दुसऱ्या गटात ३१.६ टक्के. सहा आठवड्यांनी मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता.

आता या आकड्यांत काय नाही ते बघा. पहिलं म्हणजे ही सगळी प्रौढ माणसं. किशोरांवरचा पुरावा तुटपुंजा आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर चाचणीत १३ ते १७ वयाची अवघी १७ मुलं होती, आणि तीही नैराश्यासाठी, आत्महत्येच्या विचारांसाठी नव्हे. दुसरं असं की सगळ्या चाचण्या विचार मोजतात, मृत्यू नाही. मृत्यू टळतात का हे दाखवायला हजारो माणसं वर्षानुवर्षं बघावी लागतील, तसं कुणी केलेलं नाही. केटामाइनचाच भाऊबंद असलेला एस्केटामाइनचा नाकातला फवारा अमेरिकेत २०१९ साली आला. २०२० मध्ये आत्महत्येचे विचार असलेल्या नैराश्याच्या प्रौढ रुग्णांसाठीही त्याला परवानगी मिळाली, पण त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की आत्महत्या टाळण्यासाठी किंवा तसे विचार कमी करण्यासाठी तो परिणामकारक असल्याचं सिद्ध झालेलं नाही. नैराश्य वेगानं उतरलं, पण विचारांच्या तीव्रतेत दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही, कदाचित दोन्ही गटांना रुग्णालयात नीट काळजी आणि गोळ्या मिळत होत्या म्हणून.

तेव्हा हे औषध चालतं तेव्हा काही दिवस मिळवून देतं. एका मात्रेचा असर साधारण आठवडाभरात ओसरतो. त्या दिवसांत काय करायचं हे औषध देण्याआधी ठरलेलं नसेल, तर चाचणीत जाऊन फारसं काही हाती लागत नाही.

वेगानं काम करणारा उपचार एवढा एकच आहे असंही नाही. विजेचा उपचार, ज्याला डॉक्टर ईसीटी म्हणतात, गंभीर नैराश्यात दिवसांत फरक पाडतो. १८च्या आतल्या मुलांसाठी मात्र २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार त्याला पालकाची संमती आणि त्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाची आधी परवानगी लागते. चाचणीला हो म्हणण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: "चाचणी नसती तर तुम्ही आज काय दिलं असतं?" या उत्तराशी तुलना केल्याशिवाय चाचणीचा फायदा-तोटा कळत नाही.

चाचणी कागदावर तपासा

भारतातल्या प्रत्येक औषध-चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत, पहिला माणूस घेण्याआधी व्हायला हवी. ती इंटरनेटवर कुणालाही बघता येते. नंबर असा दिसतो: सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि सहा आकडी क्रमांक. हा नंबर चाचणीच्या माहितीपत्रकावर नसेल तर मागा. मिळाला नाही तर तिथेच थांबा.

नंबर टाकून नोंद उघडली की चार रकाने वाचले तरी पुरे. चाचणीची ठिकाणं कोणती, त्यांत तुमचं रुग्णालय आहे का. वयोमर्यादा काय. भरती चालू आहे की संपली. आणि नैतिकता समितीने, म्हणजे सहभागींचं हित जपलं जातंय का हे तपासणाऱ्या समितीने, मंजुरी दिली आहे की अर्ज नुसता पडून आहे. आणखी एक रकाना आहे औषध महानियंत्रकांच्या परवानगीचा, आणि तिथे "लागू नाही" दिसलं की लोक दचकतात. दचकू नका, पण लक्ष द्या. आधीच मान्यता असलेलं औषध नव्या आजारासाठी, फक्त शास्त्रीय अभ्यास म्हणून आणि विक्रीची परवानगी मागण्याचा हेतू न ठेवता तपासायचं असेल, तर २०१९च्या नियमांनुसार ती शैक्षणिक चाचणी धरतात आणि नैतिकता समितीची मंजुरी पुरते. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या केटामाइनच्या बऱ्याच चाचण्या या प्रकारात मोडतात. फरक पडतो तो भरपाईत. कंपनीच्या चाचणीत इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाईचं सूत्र नियमातच ठरलेलं आहे. शैक्षणिक चाचणीत आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, नैतिक मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. म्हणून "काही झालं तर उपचाराचा खर्च आणि भरपाई कोण देणार?" याचं उत्तर तोंडी घेऊ नका, माहितीपत्रकात छापलेलं दाखवायला सांगा.

इंदूरकरांनी हे प्रश्न विचारायला मुळीच संकोचू नये. देशातले चाचण्यांचे नियम कडक झाले त्यात या शहराचा हात आहे. इथल्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जानेवारी २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यायालयाने संमती घेतानाचं व्हिडिओ चित्रीकरण करायला सांगितलं. २०१९च्या नियमांत हे चित्रीकरण पूर्णपणे नव्या रेणूंच्या चाचण्यांपुरतं, तेही दुर्बल गटांतल्या सहभागींसाठी बंधनकारक राहिलं. केटामाइन नवा रेणू नाही, त्यामुळे कॅमेरा दिसला नाही तर तो नियमभंग असेलच असं नाही.

सही कुणाची

मूल १८ पूर्ण झालेलं असेल तर सही त्याची. बाबांची नाही, काकांची तर नाहीच. १८च्या आत असेल तर आई-वडिलांची संमती लागते, आणि १२ ते १८ वयाच्या मुलाची स्वतःची लेखी सहमतीही. मुलाने "नको" म्हटलं तर विषय संपला, कारण त्याच्या नकाराला पालकांच्या होकाराने सहसा झाकता येत नाही. चाचणी चालू असताना मूल १८चं झालं तर त्याची नव्याने संमती घ्यावी लागते. बारावीच्या वर्षात हे हमखास घडतं आणि हमखास विसरलं जातं, म्हणून वाढदिवसाची तारीख चाचणीच्या समन्वयकाला आधीच सांगून ठेवा.

माहितीपत्रक घरी न्यायला मागा आणि निदान एक रात्र जाऊ द्या. आपल्या घरांत मूल हिंदीत नाहीतर इंग्रजीत शिकलेलं, आईला मराठी सोपं जातं आणि निर्णय अनेकदा आजीच्या खोलीत होतो. जो सही करणार त्याला कळेल त्या भाषेतलं पत्रक मिळण्याचा हक्क आहे. कागद मराठीत नसेल तर डॉक्टरांना बसून मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगायला लावा, आणि मग मुलालाच म्हणा, "आता तू मला सांग, काय होणार आहे?" त्याने स्वतःच्या शब्दांत दोन गोष्टी तरी सांगायला हव्यात: मला खरं औषध मिळेलच असं नाही, आणि मी कधीही बाहेर पडू शकतो. ही दोन्ही येत नसतील तर सही पुढे ढकला.

सही झाल्यावर एक प्रत तुमच्या हातात यायला हवी. तिच्यावर मुख्य संशोधकाचा आणि नैतिकता समितीचा फोन नंबर असतो. संशोधकाचा नंबर रात्री लागतो का, हे एकदा लावून बघा. चाचणीचं औषध आणि त्यासाठीच्या तपासण्या यांचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. कुणी मागितले तर समितीला फोन करा.

निवडीच्या मुलाखतीत

अनेक घरं पूर्वीचा प्रयत्न लपवतात. भीती पोलिसांची असते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर खटला चालवला जात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. तेव्हा खरं सांगा. लपवलेल्या एका प्रयत्नामुळे डॉक्टरांचा धोक्याचा अंदाज चुकतो आणि मुलाला दाखल करायचं की घरी सोडायचं हेच चुकीचं ठरतं.

मुलाखतीत बहुधा कोलंबिया मापनपट्टी वापरतात. विचारांच्या पाच पायऱ्या आहेत: मेलो असतो तर बरं असं वाटणं; जीव संपवावा असा मोघम विचार; मार्गाचा विचार, पण करायचा इरादा नाही; थोडाफार इरादा; आणि ठरलेला बेत व इरादा दोन्ही. हे प्रश्न मुलाला एकट्याला विचारायला हवेत. आई समोर बसली असेल तर उत्तर "नाही, तसं काही नाही" असंच येतं, आणि चाचणीचे आकडे आणि मुलाचा जीव दोन्हीला त्याचा फटका बसतो. खोलीबाहेर जायला सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका. घरीही हाच प्रश्न साध्या शब्दांत विचारता येतो: "तुला मरून जावंसं वाटतं का रे? किती वेळा वाटतं?" विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. आडून-आडून विचारणं मात्र खरंच वाया जातं. "तू तसलं काही करणार नाहीस ना?" या प्रश्नाला एकच उत्तर असतं.

बाकी चाळणी शरीराची आणि आजाराच्या जातीची. भास-भ्रम, उन्माद, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयाचे काही आजार, गर्भधारणा, नशेची सवय यांपैकी काही असेल तर सहसा घेत नाहीत. मुलींची गर्भधारणा चाचणी सरसकट होते, त्यावरून घरात तमाशा करू नका. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या चालू असतील तर पट्टीच घेऊन जा आणि दाखवा. क्लोनाझेपाम, लोराझेपाम अशा गोळ्यांनी केटामाइनचा असर कमी होत असावा असं काही निरीक्षणांत दिसलंय. पण म्हणून त्या स्वतःहून एकदम बंद केल्यात तर जास्त नुकसान.

चिठ्ठी आणि दुसरी सिरिंज

कुणाला केटामाइन मिळणार हे संगणकाची चिठ्ठी ठरवते. डॉक्टर ओळखीचे असले तरी काही करू शकत नाहीत, आणि कुणी "आपल्या मुलाला नक्की खरं देऊ" म्हणत असेल तर ती चाचणी बिघडलेली आहे. तुलनेसाठी नुसतं सलाइन न देता बऱ्याच ठिकाणी मिडाझोलाम देतात. त्याने गुंगी येते. सलाइन दिलं तर पंधरा मिनिटांत सगळ्यांना कळतं, कारण केटामाइनने माणसाला तरंगल्यासारखं होतं आणि सलाइनने काहीच होत नाही. मिडाझोलाम असूनही अंदाज लागतोच. तो पूर्ण झाकता येत नाही, आणि या सगळ्या संशोधनाची ही दुखरी जागा आहे. म्हणूनच औषध देताना हजर असलेल्या माणसाने नंतरचे प्रश्न विचारू नयेत, दुसऱ्याने विचारावेत. तुमच्या चाचणीत अशी सोय आहे का, हे विचारायला हरकत नाही.

पालकांसाठी इथे एक काम आहे. मुलाशी आधीच बोलून ठेवा: "काही वाटलं नाही, तर बहुतेक दुसरं औषध मिळालं असेल किंवा या औषधाचा तुझ्यावर असर होत नसेल. उपाय आणखी आहेत." शेवटची आशा म्हणून गेलेल्या मुलाला "मला पाणीच दिलं" किंवा "याचाही उपयोग नाही" असं वाटणं, हा चाचणीतला सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. दुष्परिणामांच्या छापील यादीत तो क्वचितच सापडतो.

औषधाचा दिवस

आदल्या रात्री हलकं जेवण. शिरेतून देणार असतील तर सहसा सहा तास अन्न नाही आणि दोन तास पाणी नाही, पण वेळ तुमचं रुग्णालय सांगेल ती पाळा. सकाळचे पोहे राहू द्या. पोट भरलेलं असलं तर उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. घरून निघताना मुलाच्या अंगावर सैल कपडे असावेत आणि सोबत एकच माणूस, ज्याच्याजवळ मूल शांत असतं. चार नातेवाईक नकोत.

वजन त्याच दिवशी काट्यावर व्हायला हवं. महिन्यापूर्वीच्या केसपेपरवरचं चालत नाही, कारण जेवण सुटलेल्या मुलाचं वजन दोन-तीन किलो सहज उतरलेलं असतं. हिशेब सोपा आहे: ५० किलोचं मूल, २५ मिलिग्रॅम औषध. ते पातळ करून ५० मिलीच्या सिरिंजमध्ये भरलं, तर ४० मिनिटांत संपायला पंप ताशी ७५ मिलीवर लावावा लागतो. चुकतं कुठे? केटामाइन वेगवेगळ्या शक्तीत येतं. मिलीमागे १० मिलिग्रॅम आणि मिलीमागे ५० मिलिग्रॅम या दोन कुप्यांत पाचपट फरक आहे. म्हणून औषध भरताना दोन परिचारिकांनी कुपीवरचा आकडा मोठ्याने वाचून ताडून बघण्याची पद्धत असते. तुम्ही हिशेब तपासायची गरज नाही, पण ऑक्सिजन मोजणारी क्लिप, रक्तदाबाचा पट्टा, ऑक्सिजनची सोय आणि भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर आहेत का, एवढं बघायलाच हवं. या चारांपैकी एक जरी नसेल तर सुई टोचू देऊ नका.

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत मुलाला हात-पाय लांब गेल्यासारखे वाटतात, आवाज घुमतात, छत जवळ-दूर होतं, कधी दोन-दोन दिसतं. काही मुलं हसतात, काही रडतात. हे बहुधा औषध संपताना टोकाला जातं आणि तास-दोन तासांत उतरतं. मळमळ होते, त्यावर इंजेक्शन असतं. रक्तदाब चढतो, म्हणून पट्टा ठरावीक मिनिटांनी फुगत राहतो. तुम्ही काय करायचं? दिवा मंद, फोन बंद, आणि तोंडही बंद. "कसं वाटतंय, सांग ना" असं दर मिनिटाला विचारल्याने घाबरलेलं मूल जास्त घाबरतं. हात धरून "मी इथेच आहे, हे औषधामुळे होतंय, उतरेल" एवढंच पुरे.

त्यानंतर किमान दोन तास देखरेख. मूल उठून सरळ चालतंय आणि रक्तदाब पहिल्यासारखा झालाय हे बघूनच सोडतात. त्या दिवशी ॲक्टिव्हा नाही, रात्रीची पूर्ण झोप होईपर्यंत दुसऱ्या दिवशीही नाही. टेस्ट नाही, ऑनलाइन क्लास नाही, आणि कुठल्याही कागदावर सही नाही.

खरं काम पुढच्या सात दिवसांत

बरेचदा दुसऱ्या दिवशी सकाळी मूल खरंच बदललेलं दिसतं. स्वतःहून आंघोळ करतं, भाजीला नावं ठेवतं. घर सुटकेचा श्वास सोडतं आणि नेमक्या इथे चुका सुरू होतात. चालू गोळी बंद केली जाते, कारण "बरं वाटतंय की". तिसऱ्या दिवसाची भेट चुकवली जाते, कारण कुणाकडे तरी मुंज असते. पाचव्या दिवशी मूल परत होस्टेलला पोचवलं जातं, कारण क्लासचे दिवस बुडताहेत. सातव्या-आठव्या दिवशी औषध ओसरतं आणि त्या वेळी मूल एकटं असतं.

म्हणून हलकं वाटत असतानाच सुरक्षा योजना बसून लिहायची. ही सहा पायऱ्यांची असते आणि समुपदेशक किंवा डॉक्टर मुलाबरोबर अर्ध्या-पाऊण तासात ती तयार करतात. शब्द मुलाचे हवेत, मोठ्यांचे नव्हेत. नीटची तयारी करणाऱ्या मुलीच्या कार्डावर असं काही असू शकतं:

खुणा: रात्री दोननंतरही जाग, टेस्टचे मार्क पुन्हा पुन्हा उघडणं, "बाबांचे पैसे बुडाले" हे डोक्यात फिरणं.
मी एकटी काय करेन: गार पाण्याने तोंड धुणं, हेडफोन लावून गल्लीत दोन चकरा.
कुठे, कुणाजवळ जाईन: रामबागेत आजीकडे, किंवा मेसमध्ये मैत्रिणीशेजारी. विषय काढायची गरज नाही.
कुणाला सांगेन: मावशी. ती उचलणार नाही तर दादा.
डॉक्टर: संशोधकाचा रात्रीचा नंबर, १४४१६, जवळची इमर्जन्सी.
घर सुरक्षित करणं: औषधांच्या डब्याची किल्ली आईकडे.

"सकारात्मक विचार करीन" असली वाक्यं आली तर खोडून टाका. रात्री दोन वाजता ती कुणी करत नाही. फोन नंबर खरे घाला, त्या माणसांना आधी विचारा, आणि कार्डाचा फोटो मुलाच्या फोनमध्ये ठेवा.

सहावी पायरी मोठ्यांची आहे. घरातली सगळी औषधं एका कुलपात, आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही. मुलाची औषधं एका वेळी आठवड्याचीच आणायची. गावाकडे शेती असेल तर फवारणीची औषधं घराबाहेर, कुलूपबंद. तुमच्या घरापुरतं आणखी काय काढायचं ते डॉक्टर मुलाशी बोलून सांगतील. तीव्र लाट अनेकदा थोड्या वेळात ओसरते, तेवढा वेळ काही हाताशी नसणं हेच फार मोठं संरक्षण आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत इमर्जन्सीत आलेल्यांना अशी योजना आणि नंतर विचारपूस करणारे फोन दिले गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांना हे मिळालं नाही त्यांच्या तुलनेत सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. हा कागद आणि फोन दोन्ही इंदूरमध्ये आजच मिळू शकतात, चाचणीत नाव लागो न लागो.

पाठपुराव्याच्या तारखा बहुधा पहिला, तिसरा, सातवा दिवस आणि पुढे काही आठवडे अशा असतात. सही करतानाच त्या कालनिर्णयावर लिहा आणि सण, लग्न, परीक्षा कुठे आडवं येतंय ते तेव्हाच बोला. तारीख चुकली तर आकड्यांत भोक पडतंच, शिवाय ओसरण्याचे दिवस बघणारं कुणी उरत नाही. मधल्या काळात मुलाला दाखल करावं लागलं किंवा त्याने प्रयत्न केला, तर शरमेने गप्प बसू नका. नियमांखाली येणाऱ्या चाचणीत ती गंभीर प्रतिकूल घटना ठरते आणि संशोधकाला ती २४ तासांत वर कळवावी लागते. तुम्ही त्याच दिवशी सांगितलंत तरच ते शक्य आहे.

चाचणीबाहेरचं केटामाइन

काही दवाखाने चाचणी न करताच केटामाइनची "पॅकेजं" देतात. मान्यता असलेलं औषध वेगळ्या आजारासाठी देणं डॉक्टरच्या हातात असतं, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी फसवणूकच असते असं आम्ही म्हणणार नाही. पण सहा-आठ मात्रा एकदम आगाऊ पैसे घेऊन विकणारा, मानसोपचारतज्ज्ञाची आधी भेट न घडवणारा किंवा दोन तास न थांबवणारा दवाखाना १७ वर्षांच्या मुलासाठी योग्य नाही. वारंवार आणि जास्त प्रमाणात घेतल्यास केटामाइन मूत्राशयाला इजा करतं आणि त्याची सवयही लागते. म्हणूनच ते शेड्यूल एक्समध्ये आहे: दुकानाला त्यासाठी वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि दुकानदाराला एक प्रत दोन वर्षं जपावी लागते. घरी नेऊन वापरायला कुणी कुपी देत असेल तर ती घेऊ नका.

चाचणी संपताना दोन गोष्टी मागायच्या राहतात. आपल्या मुलाला कोणतं औषध मिळालं होतं हे कधी सांगणार, हे विचारा. सगळ्यांचा अभ्यास संपेपर्यंत ते बहुधा सांगत नाहीत, पण तारीख आणि माणूस ठरवून घेता येतो. दुसरी म्हणजे पुढचा उपचार: केटामाइनचा फायदा झाला असेल तर चाचणीनंतर ते मिळणार का, कुणाच्या देखरेखीत आणि कुणाच्या खर्चाने. नाही मिळणार असं उत्तर आलं, तर शेवटच्या भेटीच्या आधीच नेहमीच्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊन ठेवा. एमवाय रुग्णालयात, बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयात किंवा तुमच्या खासगी डॉक्टरकडे, जिथे जायचं असेल तिथली चिठ्ठी शेवटच्या पाठपुराव्याच्या दिवशी खिशात हवी.